पंख्याचा रकाना

ठाणे,
६ जानेवारी २०२५

आदरणीय सहदेवकाका,

नमस्कार. पत्राची सुरुवात कशी करतात ते डॅडींना विचारलं, तर म्हणाले 'सा. न. वि. वि.' लिही. त्याचं पूर्ण रूप विचारलं तेव्हा 'वि. वि.'पाशी तेही अडकले. म्हणून साधा नमस्कार.

मी रोवेना, बेसिल कोरियांची मुलगी. तुम्ही मला शेवटचं पाहिलंत ते माझ्या दहावीच्या पेढ्यांच्या वेळी, असं डॅडी म्हणतात. आता मी वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. पडद्यावर कुठे काय दिसावं आणि माणसाने कुठे बोट लावावं, ते ठरवायचं माझं काम. आणि योगायोग बघा, आम्हाला काम मिळालंय ते तुमच्या जुन्या ऑफिसचं. लिफ्ट तपासणारे इन्स्पेक्टर अजून ते काळं, विटेएवढं मशीन घेऊन हिंडतात ना, ते बंद करून मोबाईलवर नवा प्रोग्रॅम आणायचा आहे. दहा मार्चला सुरू व्हायलाच हवा, असं मयूर सरांनी, म्हणजे तिथल्या हल्लीच्या साहेबांनी बजावलंय.

काका, स्पष्ट बोलते. ते मशीन बघून मी हसले. हिरवा पडदा, त्यावर चौसष्ट रकाने, एकही गाळता येत नाही. सगळीकडे आकडे. दोर ठीक असेल तर १, झिजला असेल तर २. मागे जायचं बटणच नाही! ऑफिसातले लोक म्हणाले, २००९ साली प्रोग्रॅमवाल्याच्या शेजारी बसून हे रकाने तुम्ही ठरवलेत. मग म्हटलं, नावं ठेवण्याआधी विचारून तरी घ्यावं.

डॅडींनी तुमच्याबरोबर इतकी वर्षं हेच काम केलं, पण त्यांना काहीही विचारलं की एकच उत्तर: "सहदेवला विचार." फोन करते म्हटलं तर म्हणाले, त्याला आता ऐकू येत नाही आणि मोबाईलवर तो फक्त सकाळची फुलं पाठवतो. पत्र लिही, पत्राला तो उत्तर देतो.

तर विचारते. तुम्ही लिफ्ट कशी तपासायचात? अगदी पहिल्यापासून सांगाल का?

तुमची,
रोवेना


खडवली,
१३ जानेवारी २०२५

चि. रोवेना,

आशीर्वाद. पेढे नव्हते, फेलिशियावहिनींच्या हातचा केक होता. बेसिलची स्मरणशक्ती पहिल्यापासून अशीच. लिफ्टच्या बाबतीत मात्र तो काही विसरायचा नाही.

तू विचारतेस म्हणून सांगतो. लिफ्टची तपासणी लिफ्टमध्ये सुरू होत नाही, वॉचमनपाशी सुरू होते. त्याला विचारायचं, "जिन्याने कोण जातं?" धडधाकट माणसं जिन्याने जात असतील तर समजायचं, आत काहीतरी गडबड आहे. लोकांना कारण सांगता येत नाही, पण त्यांच्या पायांना कळलेलं असतं.

मग गच्चीवर, मशीन रूममध्ये. मोटर, ब्रेक, दोर. मग लिफ्टच्या टपावर उभं राहून हळूहळू खाली यायचं. तिथे एक हात कायम दांडीवर. तो सुटला तर पुढच्या रकान्यांची चिंता उरत नाही. राहिला दुसरा हात, आणि त्याला तेल लागलेलं. म्हणून आकडे. ते अंगठ्याने, न बघता दाबता येतात. हिरव्या पडद्याला तू हसलीस, पण खालच्या खड्ड्यात उतरशील तेव्हा तोच दिसेल. तिथे नेटवर्क नसतं, आणि माझं मशीन ते मागत नाही.

मागे जायचं बटण मी मुद्दाम ठेवू दिलं नाही. जे बघितलं ते बघितलं. खाली उतरून, सेक्रेटरीचा चहा पिऊन झाल्यावर २ चा १ करायची सोय कशाला हवी? चौतीस वर्षांत मी एकही खोटी नोंद केली नाही. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने तसं मानपत्र लिहून दिलं, ते समोर भिंतीवर आहे. स्वतःची टिमकी वाजवतोय असं वाटेल, पण एवढी एकच वाजवण्यासारखी आहे.

आता माझा प्रश्न. तुझा नवा प्रोग्रॅम एका हाताने चालेल का? उत्तर टेबलापाशी बसून देऊ नकोस. विनिता म्हणून मुलगी आहे, मी शिकवलेली शेवटची. तिच्याबरोबर एक दिवस हिंडून ये.

तुझा,
सहदेवकाका


ठाणे,
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय सहदेवकाका,

विनिताबरोबर मी एक नाही, चार दिवस हिंडले. डोंबिवली, कोपर, टिटवाळा. अजून पोटऱ्या दुखतायत.

पहिल्याच दिवशी मी नवा टॅब ऐटीत घेऊन टपावर चढले. विनिता म्हणाली, "दांडी पकड." दांडी पकडली. "आता लिही." काका, दोन्ही हात लागणारा पडदा मी चार महिने खपून बनवला होता आणि तो चार सेकंदांत निकामी ठरला! टॅब खड्ड्यात पडला तो वेगळाच. विनिताने तो उचलून आणला आणि तुमच्या विटेवर पुढचे वीस रकाने एका अंगठ्याने भरले, नजर सगळा वेळ दोरावर. मी नुसती बघत राहिले. एवढं सुंदर काम करताना मी माणूस पाहिला नव्हता, आणि ते करून घेणारं इतकं शहाणं मशीनही. मी हसले होते ते मागे घेते.

परत येऊन सगळं पुसलं आणि नव्याने मांडलं. आता मोठे आकडे, अंगठ्याच्या टप्प्यात, काळ्यावर हिरवे. नेटवर्क नसलं तरी चालतं. मागे जायचं बटण काढून टाकलंय.

तुमचा वॉचमनचा प्रश्न मात्र कोपरला फसला हां. लिफ्ट ठणठणीत, पण वॉचमन म्हणाला, तिसऱ्या मजल्यावरच्या एक आजी कायम जिन्याने जातात, आणि त्यांचाच पाय अधू! सगळ्या नियमांना अपवाद असतात, नाही का?

आता एक अवघड गोष्ट. टिटवाळ्याच्या एका नव्या इमारतीत मी लिफ्टमध्ये उभी राहून मागची नोंद वाचत होते. पंख्याच्या रकान्यात ३. यादीत १ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद, ३ म्हणजे पंखा नाही. आणि माझ्या डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. मागची नोंद विनिताचीच होती, आदल्या आठवड्यातली. तिला विचारलं तर म्हणाली, "राहू दे ना ते, पंख्याचं कोण बघतं?" आणि नजर वळवली.

ऑफिसात येऊन फायलींमधले लिफ्टचे फोटो आणि नोंदी ताडून बघितल्या. गेल्या वर्षभरात अशा सदतीस लिफ्ट, पंखा असून 'पंखा नाही'. त्यातल्या एकवीस विनिताच्या. पंखा दिसला नाही याचा अर्थ एकच होतो ना काका, की माणूस आत गेलाच नाही? तिला प्रत्यक्ष बघितल्यावर हे पटत नाही. पण जुनी माहिती नव्या प्रोग्रॅममध्ये नेण्याआधी त्यात जे चुकीचं दिसेल ते कळवायचं, हे माझं काम. शुक्रवारी मी रिपोर्ट दिला. नावं घातली नाहीत, पण नोंदींवर इन्स्पेक्टरचा नंबर असतोच.

असं पूर्वीही व्हायचं का?

तुमची,
रोवेना


खडवली,
८ फेब्रुवारी २०२५

चि. रोवेना,

पत्र पोचलं. एका हाताचं वाचून बरं वाटलं.

पंख्याबद्दल मला काही सांगायचं नाही. तू तुझं काम केलंस. पण विनिता आत न जाता नोंद करते असं तुला वाटत असेल, तर चार दिवस हिंडून तू फक्त पोटऱ्या दुखवून घेतल्यास.

लिफ्ट शेवटच्या मजल्यावर थांबते. त्याच्या वर एक शिडी असते.

कोपरच्या त्या बाईंचं नाव कमळाबाई. त्यांना आजी म्हटलेलं आवडत नाही.

सहदेव केणे


ठाणे,
१९ फेब्रुवारी २०२५

सहदेवकाका,

या वेळी तुम्ही 'काका' लिहिलं नाहीत. ते मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

विनिताला दहा तारखेपासून घरी बसवलंय. पुढच्या महिन्यात चौकशी, आणि आरोप सिद्ध झाला तर नोकरी जाईल. मयूर सरांनी तिला समोर बसवून विचारलं, पंखा असताना नाही का लिहिलंस? ती गप्प. चूक झाली म्हणालीस तरी ताकीद देऊन सोडतो म्हणाले. तरी गप्प. उठताना मला एकच विचारलं, "नव्या प्रोग्रॅममध्ये पंख्याचा रकाना राहणार आहे का?" मी म्हटलं, नाही, कायद्याला तो लागत नाही, आणि जुन्या नोंदीही दुरुस्त करून टाकणार आहोत. त्यावर तिचा चेहरा असा उतरला की नोकरीचं ऐकूनही तेवढा उतरला नव्हता.

मी तुमच्या शिडीवर चढले. टिटवाळ्याला जाऊन, ऑफिसच्या दुसऱ्या माणसाला बरोबर घेऊन मशीन रूम बघितली. सगळी मापं हद्दीत. वर काहीच नव्हतं काका.

मग मला जे येतं ते मी केलं. सगळ्या जुन्या नोंदी काढल्या. २०१२ पासून असे सहाशे बारा ३ आहेत, वेगवेगळ्या दहा इन्स्पेक्टरांचे. तीनशे चार तुमचे आहेत. एकशे अठरा माझ्या डॅडींचे. हा आकडा बघून मी खुर्चीतून उठले आणि पाणी पिऊन आले. मग म्हटलं, या लिफ्टचं पुढे काय झालं ते तरी बघू. इतर लिफ्टपैकी दहात एकीला वर्षभरात ब्रेकचं नाहीतर दोराचं मोठं काम निघतं. या सहाशे बारांत दहातल्या सातांना निघालंय.

न बघणाऱ्या माणसांच्या चुका इतक्या अचूक कशा असतील?

डॅडींसमोर कागद ठेवला. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि पुन्हा तेच म्हणाले, "सहदेवला विचार."

म्हणून विचारते. रागावलात तरी चालेल, पण सांगा. दहा मार्चला ते सगळे ३ पुसले जाणार आहेत, आणि पुसणारी मी आहे.

रोवेना


खडवली,
२३ फेब्रुवारी २०२५

चि. रोवेना,

आशीर्वाद. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आता अर्थ नाही.

२०११ साली कोपरच्या एका इमारतीत मी ब्रेक तपासला. मापं हद्दीत. पण थांबताना तो 'टक' करून बसायच्या ऐवजी आधी जरासा घासल्यासारखा वाटला. त्याला माप नाही. मी शेऱ्यात लिहिलं, 'ब्रेकचा आवाज आवडला नाही, महिन्याभरात पुन्हा बघावे.' तिथल्या सेक्रेटरीने ऑफिसला पत्र ठोकलं, तुमचा माणूस लिफ्ट तपासायला येतो की गाणं ऐकायला? तेव्हाच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, ज्याला आकडा नाही ते लिहायचं नाही. शेरा काढला. मी काढू दिला, कारण मला नोकरी प्यारी होती.

चार महिन्यांनी एक बाई टोपली घेऊन तिसऱ्या मजल्यावर बाहेर पडत होती. दार उघडं असतानाच लिफ्ट सरकली. जीव वाचला, पाय कायमचा अधू झाला. त्याच कमळाबाई. त्या लिफ्टच्या कागदावर माझी सही होती आणि सगळे आकडे बरोबर होते. ब्रेक बदलला, सोसायटीने नवी लिफ्टसुद्धा बसवली, पण ती बाई पुन्हा आत शिरली नाही. तुझ्या वॉचमनने सांगितलेला अपवाद मी केलेला आहे.

त्यानंतर बेसिल आणि मी त्याच मशीन रूमच्या पायरीवर बसलो. आकडा हवा ना त्यांना, मग आकडाच देऊ, बेसिल म्हणाला. पंख्याचा रकाना त्याने शोधला. कायद्यात नाही, सेक्रेटरी भांडत नाही, साहेब वाचत नाही. पंखा फिरत असताना ३ लिहायचं. त्याचा अर्थ: मापं बरोबर आहेत, पण माझं मन मानत नाही. मग दुसऱ्या कोणी आठवड्याभरात राहिलेली सही घ्यायच्या निमित्ताने जाऊन बघायचं. तो आत शिरतो, मशीनवर 'पंखा नाही' वाचतो आणि डोक्याला वारा लागतो. विसरेल कसा? तो सरळ वर जातो आणि मशीनवर हात ठेवतो. पटलं तर सोसायटीला सांगून ब्रेक उघडायला लावतो.

तूही वर गेलीस, पण आकडे बघून उतरलीस. हात ठेवलास का? ब्रेक बसताना तळव्याला कळतं. माझे कान निवृत्तीच्या तीन वर्षं आधीच गेले होते. तेव्हापासून मी हातानेच ऐकत होतो, आणि तेही ऑफिसला सांगितलं नव्हतं.

युक्ती तुझ्या बापाची, शपथ माझी. ऑफिसात बोलायचं नाही, कॉम्प्युटरवाल्यांजवळ तर नाहीच. नव्या माणसाला गच्चीवर नेऊन, मशीनवर हात ठेवायला लावून सांगायचं. विनिता गप्प का राहिली ते आता समजलं असेल. बेसिल तुला माझ्याकडे का ढकलत होता तेही. शपथ मी घातली, ती मीच सोडवायला हवी होती, आणि पंधरा दिवस मी ते टाळलं. त्या मुलीची नोकरी जायची वेळ आली तरी टाळलं. माझ्या मानपत्राचा मोह, दुसरं काय!

एक खोट आमच्या युक्तीत होतीच. २०१७ साली बाहेरचा एक माणूस तात्पुरता आला होता, प्रामाणिक. त्याने पंखा बघितला आणि नव्या नोंदीत ३ चा १ केला. त्या लिफ्टचं काही वाईट झालं नाही, पण ते कळल्यापासून माझी झोप उडाली होती. तुझ्या रिपोर्टनंतर टिटवाळ्याला दुसरं कोणी गेलं नसणार, आणि आता तू एका फटक्यात सगळेच ३ पुसणार.

सोबत मयूर साहेबांना पत्र लिहिलंय, सहीचं. ते विनितासमोर वाचून दाखव. भिंतीवरचं मानपत्रही उतरवून पाठवतोय. चौतीस वर्षांत एकही खोटी नोंद नाही, असं त्यात म्हटलंय. तू मोजल्यास त्या तीनशे चार आहेत. ज्याचं त्याला परत गेलेलं बरं.

तुझा,
सहदेवकाका


ठाणे,
१६ मार्च २०२५

प्रिय सहदेवकाका,

सगळं सविस्तर लिहायचं म्हणून इतके दिवस थांबले.

तुमचं पत्र मी एकटीने वाचून दाखवणार होते. डॅडी म्हणाले, मी येतो. लग्नाला घालतात तो पांढरा शर्ट घालून आले. विनिताला बोलावून घेतलं होतं, बाकीचे इन्स्पेक्टरही दारापाशी उभे होते. 'तीनशे चार खोट्या नोंदी माझ्या आहेत' हे वाक्य मी वाचलं आणि पुढचं वाचायच्या आत डॅडी उठले. "त्यात एकशे अठरा माझ्या धरा." मग विनिता म्हणाली, "एकवीस माझ्या, गेल्या वर्षीच्या. आधीच्या मोजाव्या लागतील." मग दारातून एकेक जण. हजेरी चालल्यासारखं वाटत होतं काका, आणि कोणाचीही मान खाली नव्हती. मी रडले. ऑफिसात रडायचं नाही असं मी ठरवलेलं, ते त्या दिवशी मोडलं.

मयूर सरांनी विचारलं, "टिटवाळ्याची ती इमारत कुठली?" आणि गाडीची चावी उचलली. विनिता, मी आणि ते. विनिताने माझा हात धरून मशीनवर ठेवला. लिफ्ट थांबताना मला काहीच कळलं नाही. पाचव्यांदा कळलं. दार लावण्याआधी कोणी पाय घासावा, तेवढंच. त्यांनी तिथेच लिफ्ट बंद करून ब्रेक उघडायला लावला. आतल्या एका पट्टीत तेल झिरपून ती एका अंगाला खाल्ली गेली होती. बाहेरून माप बरोबर येत होतं. त्या लिफ्टमध्ये माझ्याबरोबर शाळेचं दप्तर घेतलेली दोन मुलं चढली होती, ते मला आठवलं.

विनिता दुसऱ्या दिवशी कामावर आली. मी माफी मागितली. ती म्हणाली, "तू वर तरी बघितलंस. एवढ्या वर्षांत ऑफिसातल्या कुणी मान वर केली नव्हती." बरं वाटलं आणि जास्त वाईट वाटलं.

सगळे सुटले असं समजू नका. सरांनी प्रत्येकाला ताकीद दिली, यापुढे असं चालणार नाही म्हणून. पण मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, यांना असं लपून लिहावं लागू नये याची सोय तुमच्या प्रोग्रॅममध्ये आहे का?" नव्हती. मी एक आठवडा मागून घेतला.

आता चौसष्ट रकाने भरून झाले की शेवटी एकच मोठं बटण येतं, अंगठ्याखाली: 'मन मानत नाही'. कारण विचारत नाही, माप मागत नाही. ते दाबलं की आठ दिवसांत दुसऱ्या इन्स्पेक्टरला तिथे जावंच लागतं. त्याने जाऊन बघेपर्यंत ती नोंद कोणालाच पुसता येत नाही, सेक्रेटरीला नाही, साहेबांना नाही, मलाही नाही. बाहेरचा प्रामाणिक माणूस आला तरी त्याला ती वाचता येईल. गेल्या वर्षीचे सदतीस ३ मी एकेक करून त्यात नेले. मशीन मी बनवलं काका, पण त्यात जे काही शहाणपण आहे ते तुमचंच.

पंख्याचा रकाना काढायचाच होता. विनिता अडून बसली. म्हणाली, ठेवा, एकदा तरी तिथे खरं लिहू दे. मग ठेवला.

मानपत्र परत पाठवतेय. सरांनी घेतलं नाही. 'एकही खोटी नोंद केली नाही' याच्यापुढे पेनाने '(तीनशे चार वगळून)' असं लिहून खाली सही केलीय. भिंतीवर लावाल ना?

तुमची,
रोवेना


खडवली,
३१ मार्च २०२५

चि. रोवेना,

आशीर्वाद. मानपत्र लावलं. आता कोण आलं तर कंस आधी वाचतं आणि गोष्ट सांगावी लागते. पूर्वी कोणी वाचतही नव्हतं.

तुझं बटण विनिताने दाखवलं. आम्ही दोघं चतुर समजत होतो स्वतःला. तेरा वर्षं आम्ही चोरून जे करत होतो ते तू उजेडात, सगळ्यांसमोर आणलंस, आणि त्याला चुकीची नोंद म्हणायची गरज ठेवली नाहीस. असं काम मला सुचलं नसतं, बेसिललाही नसतं. पोरी, माझ्या विटेपेक्षा तुझं मशीन चांगलं आहे. हे लिहायला मला दोन कागद फाडावे लागले.

काल कोपरला गेलो होतो. कमळाबाईंच्या घरी मी दर गणपतीत जातो, पण तो शेरा मी काढू दिला होता हे कधी सांगितलं नव्हतं. काल सांगितलं. मला ऐकू येत नाही हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून तोंड माझ्याकडे करून सावकाश बोलल्या. "तवाच बोलला असतास तं पाय वाचला असता. आथा बोललास, बरा केलास." एवढंच. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी हात मागे घेतले. माफ केलं म्हणाल्या नाहीत, आणि मी विचारलं नाही.

विनिताचं तिथे काम होतंच, तपासणीची तारीख आली होती. मी तिच्याबरोबर वर गेलो. चार वर्षांनी ती शिडी चढलो. गुडघ्यांनी शिव्या दिल्या. मशीनवर हात ठेवला. दहा वेळा लिफ्ट वरखाली करायला लावली. प्रत्येक वेळी ब्रेक बसला तो असा, की तिथून हात काढावासा वाटेना. विनिताने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. तिने ते बटण दाबलं नाही.

खाली आलो तर कमळाबाई लुगडं सावरून, हातात पिशवी घेऊन तिसऱ्या मजल्यावर दारापाशी उभ्या. जिन्याच्या नाही, लिफ्टच्या. मला म्हणाल्या, "आथा काय सांगतं तुजा मन?"

मी म्हटलं, "मानतंय."

त्यांनी माझा हात धरला, घट्ट, आणि अधू पाय आधी आत टाकला. मागोमाग विनिता आली. दार लागलं. खाली जाताना त्या डोळे मिटून उभ्या होत्या. मध्येच त्यांनी डोळे उघडले, वर बघितलं, आणि पदर उडतोय म्हणून सारखा केला.

"पंखा फिरतंय रं," म्हणाल्या.

मी विनिताच्या मोबाईलमध्ये डोकावलो. तिची अंगठ्याने नोंद करून झाली होती. पंखा: चालू.

तुझा,
सहदेवकाका